युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा जतन पुरस्काराचा इतिहास आणि त्यातील महाराष्ट्राचे स्थान

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

सर्व सदस्यांना नमस्कार.

आशिया आणि प्रशांत महासागराच्या प्रदेशातील जुन्या वास्तूंच्या जतनासाठी युनेस्कोकडून जे पुरस्कार दिले जातात, त्यांच्या यादीत मुंबईतील एखाद्या इमारतीचे नाव आल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. 2022 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला या पुरस्कारातील सर्वोच्च मान मिळाला, त्याच वर्षी भायखळा रेल्वे स्थानकाचाही गौरव झाला आणि 2023 मध्ये काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयाचे नाव यादीत आले. मात्र हा पुरस्कार कधी सुरू झाला, तो कशासाठी दिला जातो आणि इतक्या वर्षांत त्याचे स्वरूप कसे बदलत गेले, याविषयी त्या बातम्यांत एखाद्या वाक्यापलीकडे काहीच नसते. उलट ‘युनेस्कोचा दर्जा मिळाला’ अशी शब्दयोजना केली जाते. त्यामुळे 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले मराठ्यांचे बारा किल्ले आणि भायखळ्याचे स्थानक यांना एकाच प्रकारची मान्यता मिळाली आहे, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या पुरस्काराचा आजवरचा इतिहास काय आहे? महाराष्ट्रातील बहुतेक मान मुंबईकडेच का गेले आहेत? आणि गावाकडचा एखादा खासगी वाडा या पुरस्काराच्या कक्षेत बसू शकतो का? तिसऱ्या प्रश्नामागचे कारणही सांगते. वाई येथे आमच्या कुटुंबाचा जुना वाडा आहे आणि तो राखावा की उतरवावा, याचा विचार घरात गंभीरपणे सुरू आहे. पुरस्कार मिळावा अशी आमची अपेक्षा मुळीच नाही. परंतु चांगले जतन कशाला म्हणतात हे ठरवणाऱ्या परीक्षकांनी आजवर कोणती कामे निवडली, हे समजले तर आम्हाला दिशा मिळेल असे वाटते.

अभिलेखवाचक यांचे उत्तर

नमस्कार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्याच इतिहासात दडलेली आहेत.

आधी तो गैरसमज दूर करू. जागतिक वारसा यादी 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेली आहे. तिच्यासाठी एखाद्या देशाचे सरकार प्रस्ताव पाठवते आणि त्या स्थळाचे मूल्य साऱ्या मानवजातीच्या दृष्टीने असाधारण आहे की नाही, हे तपासले जाते. अजिंठा आणि वेरूळ 1983 मध्ये, घारापुरी 1987 मध्ये, तेव्हाचे छत्रपती शिवाजी टर्मिनस 2004 मध्ये आणि मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह 2018 मध्ये या यादीत गेले. ती मान्यता स्थळाला मिळते आणि तिच्याबरोबर सरकारवर संरक्षणाची कायमची जबाबदारी येते. आशिया-प्रशांत पुरस्काराचे तसे नाही. हा पुरस्कार एका पूर्ण झालेल्या कामाला मिळतो. इमारत मुळात किती थोर आहे यापेक्षा, मोडकळीला आलेली किंवा विद्रूप झालेली इमारत कोणी, कशी आणि कोणासाठी सावरली, याकडे परीक्षक पाहतात. त्यामुळेच एका टोकाला राजवाडे व किल्ले आणि दुसऱ्या टोकाला भाडेकरूंच्या चाळी, कारंजी व रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या, असे सर्व काही या यादीत एकत्र आढळते.

पुरस्काराची सुरुवात 2000 मध्ये युनेस्कोच्या बँकॉक येथील कार्यालयातून झाली. त्या काळी तेथे संस्कृतीविषयक प्रादेशिक सल्लागार असलेले रिचर्ड एंगलहार्ट यांचा त्यात पुढाकार होता. त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय पुरस्काराचा हेतू नीट कळत नाही. आशियातील शहरे झपाट्याने वाढत होती, जमिनींचे भाव चढत होते आणि जुन्या वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट होत होत्या. सरकारी पुरातत्त्व खाती मंदिरे, लेणी, किल्ले आणि थडगी सांभाळत होती. पण शहरातील जुनी घरे, दुकाने, प्रार्थनास्थळे, शाळा आणि ग्रंथालये ही सामान्यतः खासगी व्यक्तींच्या, न्यासांच्या किंवा स्थानिक समाजांच्या मालकीची होती. ती वाचायची असतील तर मालकांनाच पुढे यावे लागणार होते. म्हणून या पुरस्काराने पहिल्यापासून खासगी पुढाकाराच्या, अथवा खासगी आणि सार्वजनिक सहकार्याच्या कामांना प्रवेश ठेवला. इमारत 50 वर्षांहून जुनी असावी, जतनाचे काम गेल्या 10 वर्षांत पूर्ण झालेले असावे आणि काम झाल्यानंतर ती किमान एक वर्ष वापरात असावी, अशा अटी घालण्यात आल्या. या अटींमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वापराची. रंगरंगोटी करून कुलूप लावलेल्या इमारतीला येथे स्थान नाही.

पहिल्या वर्षाची निवडही बोलकी होती. मलेशियातील पेनांग येथील चोंग फाट त्झे यांच्या निळ्या हवेलीला 2000 मध्ये सर्वोच्च मान मिळाला. 38 खोल्या, 5 चौक आणि 220 खिडक्यांची ही चिनी पद्धतीची हवेली पडीक होत चालली होती. स्थानिक लोकांच्या एका लहान गटाने ती विकत घेतली आणि वास्तुविशारद लॉरेन्स लोह यांच्या मार्गदर्शनाखाली, पारंपरिक कारागिरांच्या हातून, चुना आणि नीळ वापरून तिचे जतन केले. खासगी मालक, पारंपरिक कौशल्य आणि जिवंत वापर ही पुढच्या पाव शतकात वारंवार दिसणारी तिन्ही सूत्रे या एका कामात एकत्र आलेली होती.

पुरस्काराच्या पायऱ्या दीर्घकाळ चार होत्या: सर्वांत वर अवॉर्ड ऑफ एक्सलन्स, त्याखाली डिस्टिंक्शन, मग मेरिट आणि शेवटी सन्माननीय उल्लेख. 2005 मध्ये जुन्या परिसरात उभारलेल्या नव्या बांधकामांची स्वतंत्र दखल घेण्यास सुरुवात झाली. हा बदल दिसायला लहान असला तरी माझ्या मते दूरगामी होता, कारण वारसा परिसरात नवीन काही बांधूच नये, किंवा बांधायचे तर जुन्याची हुबेहूब नक्कल करावी, या दोन्ही टोकांपासून त्यामुळे अंतर राखले गेले. 2020 च्या सुमारास निकषांची फेरमांडणी झाली आणि शाश्वत विकासासाठी एक विशेष मान्यता जोडली गेली. 2021 मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन बस्तीतील कामाला सर्वोच्च पुरस्काराबरोबर ती मान्यताही मिळाली. तेथे चौदाव्या शतकातील बावडी आणि मकबरे दुरुस्त करण्याबरोबरच वस्तीतील शाळा, दवाखाना, स्वच्छता आणि रोजगार यांवरही काम झाले होते. पहिल्या काही वर्षांची यादी आणि अलीकडची यादी शेजारी ठेवली, तर लक्ष एकेका इमारतीकडून वस्तीकडे आणि रहिवाशांकडे सरकत गेल्याचे स्पष्ट दिसते.

हाँगकाँगच्या वान चाय भागातील ‘ब्लू हाउस’ वसाहतीला 2017 मध्ये मिळालेला सर्वोच्च पुरस्कार मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. ती काही राजवाड्यासारखी देखणी वास्तू नव्हे; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, गॅलऱ्या असलेली, कामकरी लोकांची साधी घरे आहेत. जगातील सर्वांत महागड्या जमिनींपैकी एका ठिकाणी असलेली ही घरे रिकामी करण्याचा बेत असताना रहिवासी आणि कार्यकर्ते यांनी आग्रह धरला की इमारत राखायची असेल तर माणसांनाही राखा. अखेर मूळ रहिवाशांपैकी ज्यांना राहायचे होते ते तेथेच राहिले. मुंबईतील चाळींविषयी आपण बोलतो तेव्हा हे उदाहरण प्रत्येकाने वाचावे असे मला मनापासून वाटते.

भारताच्या वाट्याला सर्वोच्च पुरस्कार अनेकदा आला आहे. 2005 मध्ये मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 2007 मध्ये लडाखमधील बासगो येथील मैत्रेय मंदिरे, 2015 मध्ये केरळमधील त्रिशूरचे वडक्कुन्नाथन मंदिर, 2021 मध्ये निजामुद्दीन बस्ती, 2022 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि 2023 मध्ये अमृतसरचा रामबाग दरवाजा व तटबंदी. बासगोचे उदाहरण विशेष आहे, कारण मातीची ती मंदिरे सावरण्यासाठी गावकऱ्यांनीच समिती स्थापन केली होती आणि काम गावाच्याच हातात राहिले.

गिरगावकर यांचे उत्तर

अभिलेखवाचक यांनी इतिहास उत्तम मांडला आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे मुंबईबद्दल, मी लिहितो.

मुंबईला इतके मान मिळण्याचे कारण तेथील इमारती उर्वरित महाराष्ट्रातील इमारतींपेक्षा श्रेष्ठ आहेत, असे मला वाटत नाही. पुरस्काराच्या आधी पाच वर्षे या शहरात एक कायदेशीर पाया घातला गेला होता, हे खरे कारण आहे. 1995 मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. भारतातील कोणत्याही शहरासाठी केलेली ही अशी पहिली नियमावली होती. तोपर्यंत 1958 चा केंद्राचा आणि 1960 चा महाराष्ट्राचा कायदा संरक्षित स्मारकांपुरता होता. रोजच्या वापरातील बँका, महाविद्यालये, चर्च, अग्यारी आणि निवासी इमारती यांना त्यांचा आधार नव्हता. नव्या नियमावलीने सहाशेहून अधिक इमारती आणि परिसर श्रेणी लावून यादीत घेतले, त्यांच्यातील बदलांवर देखरेख करणारी समिती नेमली आणि त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी जाणकाराचा सल्ला घेण्याची गरज निर्माण झाली. वास्तुजतनाचे शिक्षण घेतलेल्या तरुण वास्तुविशारदांना काम मिळू लागले. विकास दिलावरी, आभा नारायण लांबा आणि ब्रिंदा सोमाया ही नावे या पुरस्कारांच्या यादीत पुन्हा पुन्हा दिसतात, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि ते उघडपणे मान्य केले पाहिजे. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी 2003 मध्ये मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जतनासाठी काम करणारी संस्था इंटॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, निधी खासगी न्यासाचा आणि तांत्रिक बाजू वारसा संस्थेची, अशी ती रचना होती. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याचे आणि ग्रंथालयाच्या इमारतीचे काम इंडियन हेरिटेज सोसायटीने हाती घेतले आणि त्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने निधी दिला; त्या कामाला 2018 मध्ये सन्माननीय उल्लेख मिळाला. तो मनोरा मुळात प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावे दिलेल्या देणगीतून 1878 मध्ये पुरा झाला होता, म्हणजे देणगीने उभी राहिलेली वास्तू देणगीनेच सावरली गेली. फोर्टमधील केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (2019) हे असेच काम. अशा मोठ्या देणगीदारांची कार्यालये मुंबईतच आहेत, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

तरीही मुंबईच्या यादीकडे केवळ श्रीमंत संस्थांची यादी म्हणून पाहिले जाऊ नये, असे मला आवर्जून सांगायचे आहे. 2004 मध्ये ज्या कामांची दखल घेतली गेली, त्यांत दादाभाई नौरोजी रस्त्याच्या दर्शनी भागाचे काम होते. या रस्त्यावरील एकोणिसाव्या शतकातील इमारतींच्या कमानी दुकानांच्या अवाढव्य पाट्यांमागे गडप झाल्या होत्या. पाटी कमानीच्या आत बसवावी, दगडी कोरीव काम झाकू नये, पदपथावरील बाके आणि दिवे परिसराला साजेसे असावेत, अशी साधी सूत्रे ठरवून दुकानदारांना त्यासाठी राजी करण्यात आले. खर्चाच्या मानाने या कामाचा परिणाम फार मोठा होता आणि असा प्रयत्न नाशिकच्या मेन रोडवर किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरही होऊ शकतो.

लाल चिमणी कंपाउंडचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबई सेंट्रल भागातील ही पारशी न्यासाच्या मालकीची भाडेकरूंची वसाहत आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे शहरातील भाडी 1940 च्या पातळीवर गोठली, मालकांना दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला आणि हजारो इमारती हळूहळू खचल्या. पुढे पुनर्विकासाचे धोरण आले आणि जुनी इमारत पाडणे हाच सर्वांच्या फायद्याचा मार्ग ठरला. अशा परिस्थितीत न्यासाने भाडेकरूंना न हलवता इमारती मुळापासून दुरुस्त करून घेतल्या आणि त्या कामाला या पुरस्कारांत स्थान मिळाले. दक्षिण मुंबईच्या गॉथिक मनोऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. शहरातील लाखो लोकांच्या जगण्याशी थेट संबंध असलेल्या या कामाची मात्र पुरेशी चर्चा झाली नाही, याचे मला वाईट वाटते.

फ्लोरा फाउंटनविषयी थोडेसे. 1864 च्या या कारंज्यावर वर्षानुवर्षे रंगाचे थर चढवले गेले होते आणि मूळ दगड दिसेनासा झाला होता. ते थर काळजीपूर्वक उतरवून केलेल्या कामाला 2019 मध्ये सन्माननीय उल्लेख मिळाला. त्या परिसराच्या कामात जुन्या ट्रामचे रूळही जमिनीखाली सापडले होते, आणि ते पाहायला लोकांनी गर्दी केली होती. शहराला आपल्या भूतकाळाविषयी आस्था नाही असे म्हणणाऱ्यांनी ती गर्दी पाहायला हवी होती.

चुनखडी यांचे उत्तर

मी वास्तुजतनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पण त्याआधी गिरगावकरांच्या मांडणीत एक भर घालणे आवश्यक आहे. मुंबईबाहेरील महाराष्ट्र या यादीत अगदीच नाही असे नाही. पुण्यातील गणेशखिंड रस्त्यावरचे पार्वतीनंदन गणपती मंदिर आणि सातारा जिल्ह्यातील किन्हई येथील साखरगड निवासिनी देवीचे मंदिर यांच्या जतनाचाही या पुरस्काराने गौरव झालेला आहे. किन्हई तर वाईप्रमाणेच सातारा जिल्ह्यातील गाव आहे. कृष्णाकाठ यांनी ते मंदिर जरूर पाहावे, कारण आपल्याकडील दगड, चुना आणि लाकूड यांच्या कामाचा नमुना तेथे जवळच उपलब्ध आहे.

मुंबईच्या प्रभुत्वाचे आणखी एक कारण मला प्रत्यक्ष कामात जाणवत आले आहे. पुरस्कारासाठी इंग्रजीत तपशीलवार अर्ज करावा लागतो. कामाआधीची, काम सुरू असतानाची आणि कामानंतरची छायाचित्रे, मोजमापाचे नकाशे, वापरलेल्या सामग्रीची व पद्धतीची माहिती, हे सारे जोडावे लागते. गावातील एखाद्या गवंड्याने आणि सुताराने मिळून मंदिराचा मंडप शास्त्रशुद्ध सावरला तरी त्याची नोंद कोणी ठेवलेली नसते, आणि नोंद नसलेले काम परीक्षकांपर्यंत पोहोचत नाही. हा दोष कारागिरांचा नाही. ज्या देवस्थानांकडे आणि नगरपालिकांकडे साधने आहेत, त्यांनी नोंदी ठेवण्यासाठी माणूस नेमला पाहिजे, आणि वास्तुकलेच्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना अशा कामांवर पाठवले पाहिजे.

आता तंत्राविषयी, कारण या पुरस्काराने ज्या गोष्टीचा आग्रह सातत्याने धरला ती गोष्ट आपल्याकडे अजूनही पुरेशी रुजलेली नाही. जुनी दगडी किंवा विटांची भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेला ओलावा त्यातून बाहेर पडू शकतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओलावा आत कोंडला जातो, क्षार साचतात आणि काही पावसाळ्यांनंतर दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मुंबईतील पुरस्कारप्राप्त कामांपैकी अनेकांत पहिला मोठा टप्पा मागच्या पिढीतील सिमेंट आणि तैलरंग काढण्याचा होता. डेव्हिड ससून ग्रंथालयात मूळ उतरत्या छपराच्या जागी नंतर टाकलेला गळका काँक्रीटचा स्लॅब काढून पुन्हा उतरते छप्पर करण्यात आले. दुरुस्ती म्हणून केलेल्या कामाचीच पुढे दुरुस्ती करावी लागते, हे त्यावरून कळते.

वाईच्या वाड्यांची रचना मुंबईच्या इमारतींहून निराळी असते. काळ्या दगडाचे जोते, त्यावर तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडी बैठकांवर) उभे सागवानी खांब, तुळया, कडीपाट (लाकडी कड्या व फळ्यांचे छत), विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर कौले असा साधारण सांगाडा असतो. भार प्रामुख्याने लाकूड वाहते, म्हणून भिंत फुगलेली दिसली तरी वाडा लगेच धोकादायक ठरतो असे नाही, आणि भिंत चांगली दिसत असली तरी खांबाचा पाय कुजलेला असू शकतो. तपासणी करताना खांबांचे पाय, तुळयांची भिंतीत गेलेली टोके आणि पन्हळीखालची जागा यांपासून सुरुवात करावी. कुजलेला भाग तेवढाच कापून त्याच लाकडाचा सांधा देणारे सुतार अजूनही मिळतात. संपूर्ण खांब बदलण्याची गरज क्वचितच पडते. वाळवी आणि छपराची गळती या दोन गोष्टी वेळीच रोखल्या तर अशा वाड्याचे आयुष्य सहज वाढते.

पुरस्काराच्या नियमांनुसार खासगी वाडा निश्चितपणे पात्र ठरू शकतो. मालकी खासगी आहे, वय 50 वर्षांहून जास्त आहे, आणि तुम्ही तेथे राहत असाल किंवा वाड्याचा काही चांगला उपयोग करत असाल, तर वापराची अटही पुरी होते.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल मी आभारी आहे. लाल चिमणी आणि ब्लू हाउस या दोन उदाहरणांनी माझ्या मनातील चित्र बदलले. आमच्या घरातील चर्चा आतापर्यंत ‘वाडा संग्रहालयासारखा जपून ठेवायचा की तेथे इमारत बांधायची’ या दोन पर्यायांभोवतीच फिरत होती. लोक राहत असतानाही जतन होऊ शकते आणि परीक्षक त्यालाच अधिक महत्त्व देतात, हे मी वडीलधाऱ्यांना वाचून दाखवणार आहे.

एक शंका मात्र उरते. वाड्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, नळजोड आणि वीज यांची आजच्या गरजेनुसार सोय करावीच लागेल. माझ्या आजीला उंच पायऱ्याही चढवत नाहीत. असे बदल केले तर ते जतन मानले जाईल का?

अभिलेखवाचक यांचे उत्तर

निश्चितच मानले जाईल, आणि पुरस्काराचा इतिहासच त्याची साक्ष देतो. पेनांगच्या निळ्या हवेलीत आज पाहुण्यांसाठी निवासाची सोय आहे. 2017 मध्ये मेरिट मिळालेले मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस 1993 पासून बंद होते. जतन करून 2016 मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा तेथे आजच्या प्रयोगांना लागणारी ध्वनी व प्रकाश योजना बसवलेली होती, आणि तेथे पुन्हा प्रयोग होऊ लागले. नव्या वापराने वास्तूचे मूळ स्वरूप झाकले जाऊ नये आणि केलेला बदल पुढे कधी काढायचा झाला तर मूळ भागाला इजा न होता काढता यावा, या दोन कसोट्या लावल्या तर बहुतेक निर्णय सोपे होतात. न्हाणीघर चौकाच्या मागच्या बाजूला नव्या, हलक्या बांधकामात घेता येईल; नळ आणि तारा जुन्या भिंती न फोडता बाहेरून, पण नजरेआड नेता येतील; आजींसाठी लाकडी उतार करता येईल.

चुनखडी यांचे उत्तर

याला माझी पूर्ण सहमती आहे. फक्त कामाचा क्रम पाळावा, एवढीच कळकळीची विनंती. कोणत्याही भिंतीला हात लावण्याआधी संपूर्ण वाड्याचे मोजमाप करून नकाशे काढून घ्या, प्रत्येक खोलीची चारही बाजूंनी आणि छताची छायाचित्रे घ्या, त्यांवर तारीख टाका, आणि घरातील वृद्धांना कोणती खोली कशासाठी वापरली जात होती हे विचारून लिहून ठेवा. छपराचे काम पावसाळ्यापूर्वी, आणि भिंतींचे व गिलाव्याचे काम पावसाळा संपल्यावर घ्या, कारण चुन्याला सुकायला वेळ लागतो आणि घाई केली तर तो तडकतो. चुना आणून लगेच वापरू नका. तो भिजवून मुरत ठेवावा लागतो, आणि त्यासाठी अंगणात जागा आधीच राखून ठेवावी लागेल. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा तुमच्यापासून अगदी जवळ आहे. तेथील जोत्याचे, खांबांचे आणि कडीपाटाचे काम सुताराला सोबत नेऊन दाखवा, म्हणजे तुम्हाला नेमके काय हवे आहे हे त्याला तोंडी समजावून सांगण्यात वेळ जाणार नाही.